हजारातला पाहुणा

४ फेब्रुवारी

शंके,

अक्षर पाहून ओळखलंच असशील. ओळखूनही पाकीट फोडलं असशील, तर तुझे उपकार. अक्षर जरा वाकडं आलंय, पेन नवं आहे. तुझा पत्ता मावशीच्या मुलीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या दारात पाऊण तास ठाण मांडून बसलो होतो आणि तिचा स्वयंपाक खोळंबला होता, म्हणून नाइलाजानं तिनं दिला.

हे कामाचं पत्र आहे. सोळा वर्षांनी मी दुसरं कशाबद्दल लिहिणार? आपल्या ‘हजारी’ची नवी आवृत्ती काढतोय. हजार प्रश्न, हजार उत्तरं, पूर्वीसारखंच. पुस्तक जोरात चाललंय, काळजी नसावी. फक्त चार चिठ्ठ्यांवर गाडी अडली आहे, त्या खाली उतरवतो.

एक, ऑक्टोपसला हृदयं किती? मी तीन लिहिलंय. दोन, बुद्धिबळाच्या पटावर लहानमोठे सगळे धरून चौरस किती? मला दोनशे चार येतात. तीन, शहामृगाचा डोळा मोठा की मेंदू? मी डोळा म्हणतो. चार, जगातली सर्वांत लांब नदी कोणती?

हे मी बाहेर कुणाला विचारू शकलो असतो, असं तू म्हणशील. विचारू शकलो असतो. पण त्या माणसाकडे निळी पेन्सिल नाही. मी चिठ्ठीवर प्रश्न आणि उत्तर लिहून लाल खूण करायची, चिठ्ठी तुझ्या टेबलावर ठेवायची, मग तू वाचनालयात जाऊन ते उत्तर दोन पुस्तकांत शोधायचं आणि सापडलं तरच निळी खूण करायची. दोन खुणा नसलेली चिठ्ठी आपल्या घरातून कधी छापखान्यात गेली नाही. आणि ती दोन पुस्तकंही कशी, तर एकमेकांवरून न उचललेली. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे मी तुला एकदा सात पुस्तकांत दाखवलं होतं. तू चार दिवस वाचनालयात बसलीस आणि चिठ्ठी परत आणून ठेवलीस. म्हणालीस, “दादा, ही सात पुस्तकं नाहीत. एकच पुस्तक आहे, सात वेळा छापलेलं.” तेव्हा मी चिडलो होतो, कारण त्या चिठ्ठीसाठी मी एक झकास शेरा लिहून ठेवला होता. बाबांनी तुझं नाव शंका ठेवलं ते उगीच नाही.

यंदा पुस्तकात पाहुणा ठेवलेला नाही. नऊशे नव्व्याण्णव घरचे प्रश्न आणि एक पाहुणा, असा आपला हिशेब असायचा. एकच प्रश्न साफ बनावट, दरवर्षी आपलं पुस्तक चोरून स्वतःच्या नावानं छापणाऱ्या त्या नक्कलबहाद्दरानं ते पुन्हा उचललं तर तो पकडला जावा म्हणून. कधी जगात नसलेलं तळं, कधी कुणी न वाजवलेलं वाद्य. पाहुणा नेहमी अस्तित्वातच नसलेल्या गोष्टीचा असावा, म्हणजे वाचणाऱ्याचं काही बिघडणार नाही, ही अट तूच घातली होतीस. आता नक्कलबहाद्दर वारला. सापळा लावायचा तरी कुणासाठी?

तुझं टेबल आहे तिथंच आहे. तुझी वहिनी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं भिंग जाताना तू घेऊन गेलीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाबांनी ते तुलाच दिलं असतं.

उत्तर एका कार्डावर पाठवलंस तरी पुरे.

दादा


१९ फेब्रुवारी

शंके,

कार्ड मिळालं. पोस्टमननं ते दाराच्या फटीतून टाकलं आणि तुझ्या वहिनीनं ते माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. काही बोलली नाही. मी जेवण अर्धं सोडून उठलो, तेव्हा मात्र बोलली.

“१ बरोबर. २ बरोबर. ३ बरोबर. ४ हा प्रश्न एकदा कायमचा काढला आहे, मोजणाऱ्यांचं एकमत नाही, पुन्हा विचारू नये. अक्षर पेनामुळे वाकडं नाही. डोळे दाखवून घे.”

ना मायना, ना सही. पण चारही आकडे निळ्या पेन्सिलीत होते. मी ते कार्ड किती वेळा वाचलं, हे सांगणार नाही. सांगितलं तर तू आधार मागशील.

डोळे दाखवले आहेत. खरं म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आठवडाभर आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. डावा पुढच्या महिन्यात. पेनाची थाप मारली, कारण आजारपणाचं निमित्त करून पत्र लिहिलं असं तुला वाटायला नको होतं. निमित्त डोळ्यांचं नाहीच. निमित्त तिथल्या परिचारिकेचं आहे.

औषध घालून मला एका बाकावर बसवलं होतं, मान मागे, डोळे मिटलेले. ती दर दहा मिनिटांनी येऊन थेंब घालायची आणि घालता घालता गप्पा मारायची. काय करता, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती एकदम खूश झाली. म्हणाली, तुम्हीच का ते हजार प्रश्नवाले, मी नोकरीच्या परीक्षेसाठी तुमचंच पुस्तक पाठ केलं होतं, अजून तोंडावर आहे. आणि थेंब घालत तिनं मला धडाधड म्हणून दाखवलं. जिराफाच्या मानेत मणके सात, माणसाइतकेच. शरीरातलं सर्वांत लहान हाड कानात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षाहून मोठा. मग म्हणाली, “आणि मधमाशीला डोळे चार. हे तर मी माझ्या पोरींनाही शिकवलंय.”

डोळ्यांतून पाणी आलं तर ती म्हणाली, थेंबांमुळे येतं, घाबरू नका.

सहज विचारतो, ती मधमाशीवाली मुलगी आता कुठे असते, तुला ठाऊक आहे का? तू जाताना ती आगपेटी घेऊन गेली होतीस, म्हणून वाटलं की तुमचं बोलणं असेल. काही खास काम नाही.

दादा


६ मार्च

शंके,

“पत्ता आहे. कशाला हवा?” एवढंच लिहायला अख्खं कार्ड वापरलंस. तुझा स्वभाव काही बदलला नाही, आणि मला त्याचा आनंदच झाला.

पत्ता तिची माफी मागायला हवा. आता आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. पुस्तक जोरात वगैरे काही चाललेलं नाही. ज्याला जे हवं ते लोक हातातल्या फोनला विचारतात आणि तो सांगतोही. गेल्या वर्षीचे गठ्ठे माझ्या पलंगाखाली आहेत. छापखानेवाला एप्रिलच्या मध्याला दुकान बंद करून मुलाकडे राहायला जातोय, म्हणून ही आवृत्ती शेवटची. त्यानंतर मला काही दुरुस्त करायचं असलं तरी ते छापायला जागा उरणार नाही. म्हणून घाई करतोय.

त्या वर्षीचं काय झालं ते एकदा नीट लिहितो. आपल्या पुस्तकातून परीक्षा मंडळानं प्रश्न उचलला, मधमाशीला किती डोळे असतात. आपल्याकडे उत्तर छापलं होतं चार, म्हणून मंडळाचंही उत्तर चार. त्या मुलीनं लिहिलं पाच, आणि एका गुणानं तिची नोकरी गेली. निकालावर आक्षेप घ्यायला सात दिवस असायचे. ज्या पुस्तकावरून प्रश्न घेतला, त्याच्या लेखकाचं सहीनिशी पत्र हवं, असा मंडळाचा नियम. ती सहाव्या दिवशी आली. दोन गाड्या बदलून आली होती, हातात आगपेटी, आगपेटीत मेलेली मधमाशी. तू वाचनालयात गेली होतीस. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, सर, तुमच्याकडे भिंग असेल तर मोजून बघा, दोन मोठे बाजूला आहेत आणि डोक्यावर तीन बारीक.

मी तिला पत्र दिलं नाही. मी म्हणालो, पुस्तकात आहे ते तपासूनच छापलेलं असतं. ती आगपेटी तिथंच ठेवून गेली. संध्याकाळी तू आलीस, भिंग लावलंस, पाच मोजलेस आणि मला म्हणालीस, दादा, अजून एक दिवस आहे, सही कर. मी केली नाही. दुसऱ्या दिवशी तू भिंग, आगपेटी आणि तुझ्या पेन्सिली घेऊन निघून गेलीस.

त्या वर्षीचा पाहुणा तर एक तळं होतं, तुला आठवत असेल. मधमाशीच्या चिठ्ठीवर तुझी निळी खूणही होती. पाचाचे चार छापखान्यात झाले असणार, अक्षरं जुळवणाऱ्याच्या नजरचुकीनं. मी मुद्रितं नीट वाचली नाहीत, एवढा दोष माझा.

सोबत चिठ्ठी जोडली आहे. पहिल्या पानावर पहिला प्रश्न म्हणून छापणार आहे. लाल खूण केली आहे.

“प्रश्न १. मधमाशीला किती डोळे असतात? उत्तर: पाच. या पुस्तकाच्या एका जुन्या आवृत्तीत हे उत्तर अनवधानाने चार असे छापले गेले. त्यामुळे एका उमेदवाराचे नुकसान झाले. संपादक दिलगीर आहे.”

तुझी निळी खूण झाली की छापखान्यात देतो. पत्ताही त्याच पाकिटातून पाठव.

दादा


२१ मार्च

शंके,

चिठ्ठी परत आली. निळी खूण नाही. ‘अनवधानाने’ या शब्दाभोवती गोल, आणि समासात तुझं अक्षर: “आधार? दोन पुस्तकं दाखव.” मागच्या बाजूला आणखी एक ओळ: “पत्ता दोन खुणांनंतर.”

दोन दिवस मी तुला नाही नाही ते बोललो. ऐकायला तुझी वहिनीच होती. तू सदूसष्ट वर्षांच्या माणसाचे कान उपटतेस, एका शब्दासाठी अडून बसतेस, वगैरे वगैरे. ती मटार सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “पण आधार आहे का?”

नाही. कुठून असणार?

आता लिहितो ते खरं आहे. त्याला मी एकटाच साक्षी आहे, दुसरं पुस्तक मिळणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी पाहुणा म्हणून नऊ तारांचं ते बनावट वाद्य ठेवलं होतं. नक्कलबहाद्दरानं आपलं सगळं पुस्तक उचललं आणि तेवढा एक प्रश्न वगळला. वर मला एक कार्ड पाठवलं. त्यावर दोनच शब्द होते, ‘पाहुणा ओळखला’. ते कार्ड मी तुला कधी दाखवलं नाही. ते माझ्या फार जिव्हारी लागलं. बनावट गोष्ट तो शब्दकोशात शोधतो आणि सापडली नाही की वगळतो, हे माझ्या लक्षात आलं. मग मी ठरवलं, यंदाचा पाहुणा असा हवा की त्याला वास यायचा नाही. खऱ्या वस्तूचा, फक्त आकडा खोटा.

तू तपासून दिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या समोर होता. त्यातली मधमाशीची चिठ्ठी मी काढली. त्यावर तुझी निळी खूण होती. मी खोडरबरानं पाच पुसला आणि तिथं चार लिहिला. तुझ्या खुणेच्या अगदी वर. तळ्याची चिठ्ठी फाडून टाकली आणि तुला पाहुणा तळंच आहे असं सांगितलं. छापखान्यात कुणाची नजर चुकली नाही. बिचाऱ्यानं चिठ्ठीवर होतं तेच जुळवलं.

असं करायचं नाही हे मला ठाऊक होतं. तू घातलेली अट मला तोंडपाठ होती. एखाद्याला खरं उत्तर माहीत असेल आणि तो आपल्या पुस्तकामुळे खोटा ठरेल, हेही डोक्यात आलं होतं. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. नक्कलबहाद्दराचं तोंड कसं होईल, यातच मी दंग होतो. त्यानं ते उचललं तेव्हा मी घरात शीळ वाजवत फिरलो. परीक्षेच्या पेपरात तो प्रश्न पाहिला तेव्हासुद्धा मी आधी हसलो. मंडळानंही नक्कल केली म्हणून हसलो, शंके. त्या पेपरापुढे बसलेल्या पोरांचा विचार मला दुसऱ्या दिवशी आला.

आता सर्वांत वाईट भाग. ती मुलगी आली तेव्हा मी तिला नुसतं नाही म्हणून घालवलं नाही. ती म्हणाली, सर, छपाईची चूक असेल, तुम्ही एक ओळ लिहून द्या. तिनं मला पळवाट स्वतःच दिली होती. आणि मी कपाटातून नक्कलबहाद्दराचं पुस्तक काढलं, आपल्या पुस्तकाशेजारी उघडून ठेवलं आणि तिला म्हणालो, “हे बघ, दोन पुस्तकांत चारच आहे. आमच्याकडे दोन पुस्तकांचा नियम आहे.”

ज्याला पकडायला सापळा लावला, त्यालाच मी साक्षीला उभं केलं. एकच पुस्तक होतं ते, दोन वेळा छापलेलं, आणि ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं दोन्ही पानांवरच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणजे माझ्या आईचंच चुकलं.” तिची आई मधपेट्या ठेवायची, तिनंच लहानपणी तळहातावर माशी धरून पाच डोळे दाखवले होते. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

आणि तू सही कर म्हणालीस तेव्हा मी केली नाही, ती नावाला बट्टा लागेल म्हणून नव्हे. सही केली असती तर मंडळानं मूळ चिठ्ठी मागितली असती आणि खोडलेला आकडा तुला दिसला असता. मला मंडळाची भीती नव्हती, तुझी होती. तुला मात्र तो आधीच दिसला होता, असं आता वाटतं. तू गेल्यावर चिठ्ठ्यांच्या खोक्यात ती चिठ्ठी सापडली नाही. सोळा वर्षं मी समजत होतो की हरवली.

सोबत नवी चिठ्ठी आहे. लाल खूण केली आहे. वहिनीनं वाचून पाहिली, तिनं काही बदल सुचवला नाही.

“प्रश्न १. मधमाशीला किती डोळे असतात? उत्तर: पाच. सोळा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत ते चार छापले होते. ते मी मुद्दाम छापले होते. माझ्या बहिणीने उत्तर तपासून पाच दिले होते. तिची खूण झाल्यावर मी आकडा बदलला. खरे उत्तर लिहिणाऱ्या एका मुलीची नोकरी त्यामुळे गेली, आणि ती विचारायला आली तेव्हा मी तिच्याशी खोटे बोललो. बरोबर तिचे होते आणि तिच्या आईचे होते.”

दादा


२ एप्रिल

शंके,

निळी खूण मिळाली. पत्ताही मिळाला. आणि पाकिटात आणखी एक चिठ्ठी निघाली, पिवळी पडलेली, चार असलेली. पाच पुसल्याचं अजून दिसतं. सोळा वर्षं तू ती सांभाळलीस आणि कुणाला दाखवली नाहीस. दाखवली असतीस तर माझं नाव धुळीला मिळालं असतं. मी स्वतःहून बोलायची तू वाट बघत होतीस, आणि मी तुला सोळा वर्षं ताटकळत ठेवलं. याचं मला फार वाईट वाटतं. हे मी आणखी नीट लिहू शकत नाही.

छापखानेवाल्यानं मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाला, शेवटच्या पुस्तकात हे कशाला, लोक विसरलेत. मी म्हणालो, एक परिचारिका विसरलेली नाही. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं तो मोठ्या टायपात घेतला. परीक्षा मंडळालाही एक प्रत आणि सहीचं पत्र पाठवतोय. आक्षेपाची मुदत उलटून गेली आहे, असं उत्तर येईल हे माहीत आहे. तरी सही करायची राहिली होती, ती केली.

डाव्या डोळ्याचंही काम झालं. त्या परिचारिकेला सांगितलं, पाच. तिला वाटलं मी थेंबांची संख्या सांगतोय. मग समजावून सांगितलं. ती म्हणाली, अरे देवा, आता पोरींना काय सांगू? मी म्हणालो, सांग की पुस्तकवाल्यानं फसवलं होतं.

दादा


२८ एप्रिल

शंके,

जाऊन आलो. दोन गाड्या बदलाव्या लागतात. ती कशी आली असेल, हे मला या वयात कळलं.

गावाबाहेर एक उतार आहे, त्यावर पन्नासेक पेट्या, आणि वर दोन खोल्यांचं घर. ती दारातच भेटली, जाळीची टोपी मागे सारलेली, हाताला मेण. चाळिशीची असेल. मला ओळखलं नाही. मी पुस्तक पुढे केलं, तेव्हा ओळखलं. तिनं पहिलं पान उभ्यानंच वाचलं. मी मूर्खासारखा काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की तुमचं छान चाललेलं दिसतंय.

ती म्हणाली, “छान चाललंय ते माझ्यामुळे. तुमच्या उत्तरामुळे नाही.”

बरोबर बोलली. त्यानंतर तिनं आणखी दोनदा परीक्षा दिली होती, मग वय उलटलं. हे सगळं तिनं अगदी सरळ सुरात सांगितलं, मला लागावं म्हणून नाही. मी माफी मागितली. तिनं माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. मग ती म्हणाली, आता आलाच आहात तर हे माझ्या आईला वाचून दाखवा, तिला वाचता येत नाही आणि माझं ती ऐकत नाही.

आई आत खिडकीपाशी बसली होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मुलीनं मला दाराशी थांबवून हळूच सांगितलं की तो निकाल लागल्यापासून आईनं मधमाश्यांबद्दल कुणाला काही सांगणंच सोडलंय. पूर्वी शाळेतली पोरं तिच्याकडे येऊन बसायची. त्यानंतर कुणी काही विचारलं की म्हणते, मला काय कळतंय, पुस्तकात बघा.

शंके, मला वाटत होतं की मी एका मुलीचं नुकसान केलं. या बाईचा मी विचारही केला नव्हता.

मी वाचलं. ‘मुद्दाम’ हा शब्दही स्पष्ट वाचला. तू ‘अनवधानाने’ राहू दिलं असतंस तर त्या बाईसमोर मी आणखी एकदा खोटं बोललो असतो. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, “म्हणजे पाचच.”

मी म्हणालो, “पाचच.”

तिनं आतूनच मुलीला हाक मारली. “अगं, ऐकलंस का, पाचच आहेत.” मुलगी दारातच उभी होती. तिनं जाळीची टोपी पुढे ओढून घेतली आणि पेट्यांकडे निघून गेली. ती का गेली, हे मला कळलं आणि तिच्या आईलाही कळलं.

मग ती बाई बोलायला लागली. काम करणाऱ्या सगळ्या माश्या माद्या असतात. फुलं कुठं सापडली हे माशी पोळ्यावर नाचून सांगते. एक माशी जन्मभर राबली तरी चमचाभर मध होत नाही. दीड तास बोलत होती. सोळा वर्षांचं साठलेलं होतं. माझ्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, सवयीनं. मी लिहीत गेलो, अकरा झाल्या. आता कोणतं पुस्तक निघणार आहे, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

निघताना तिनं विचारलं, तुम्हाला पाच कुणी मोजून दाखवले? मी सांगितलं, माझ्या बहिणीनं, तुमच्याच मुलीनं आणलेल्या माशीवर. ती म्हणाली, तिला घेऊन या, मला एकदा तिच्याबरोबर मोजायचेत, नुसत्या डोळ्यांनी आता मला दिसत नाही.

चिठ्ठ्या या पाकिटात घातलेल्या नाहीत. लाल खुणा करून तुझ्या टेबलावर ठेवल्या आहेत. तुझ्या वहिनीनं इस्त्रीचे कपडे कालच उचलले, मी न सांगता. पाहुणी म्हणून ये असं म्हणणार नाही, या घरात त्या शब्दाला आता जागा नाही. घरची म्हणून ये.

आणि येताना भिंग आण.

दादा